आबांच्या छातीवरची ऊब

मुरगूडच्या स्टँडवर आबांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, दोर ओढून बघितला आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "कोल्हापुरात गाडी बदलताना सामानाकडं ध्यान असू द्या, पावणं." माझ्याशी एक शब्द नाही. आई पदराने डोळे पुसत होती, आबा ड्रायव्हरशी उसावर बोलत उभे. लग्न होऊन मी बडोद्याला निघाले होते, नव्वदच्या दशकात.

माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांना ठाऊक असेल, पहिली काही वर्षं आपण नुसते राहत असतो. मी भाजीवाल्याशी 'केम छो' करायला शिकले, पण घर म्हटलं की मुरगूडच.

बाळंतपणाला तिकडेच जायचं ठरलं होतं. पण आठव्या महिन्यातच कळा आल्या, ऑपरेशन करावं लागलं. मुलगी अगदीच बारीक. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवा. ती ऊब मिळाली तरच वजन धरेल."

चार दिवस मी धरलं. मग टाक्यांत पू झाला, तापाने मी थरथरू लागले. ह्यांची कारखान्यात ड्यूटी. तिकडे आई गोठ्यात घसरून पाय मोडून बसलेली. तिने डिंकाचे लाडू देऊन आबांना एकट्यांनाच पाठवलं.

ते आले आणि दारातच अवघडून उभे राहिले.

"आबा, बाळाला घ्या. बंडी काढा आणि छातीशी धरा."

"मला जमायचं न्हाई, बाई. हातातनं निसटलं तर?"

"मला नाही का घेतलंत कधी?"

ते खाली बघत म्हणाले, "न्हाई. थोरल्या माणसांम्होरं आपलं पोर घ्यायची लाज वाटायची. तू चालाय लागल्यावर बोट धरलं, एवढंच."

मी शाल पुढे केली. त्यांनी हात धुतले, बंडी काढली, आरामखुर्चीत टेकले. ड्यूटीवर निघता निघता ह्यांनी बाळाला त्यांच्या पिकल्या केसांच्या छातीवर ठेवून वरून शाल पांघरली. आबांनी श्वासच रोखला. "श्वास घ्या की, आबा," मी म्हटलं, तेव्हा कुठे सोडला.

मग रोज दुपारभर ते तसे बसायचे. माशी बसली तरी हलायचे नाहीत. पाटाचं पाणी, म्हशीची खोड, सगळं तिला हळू आवाजात सांगायचे. गावात ज्यांची हाक शिवारभर ऐकू जायची, तेच हे आबा. दुधापुरती ती माझ्याकडे यायची, पोट भरलं की परत आबांकडे.

माझा ताप उतरला. मुलीच्या गालांवर हळूहळू मांस चढलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तराजूवर ठेवलं आणि हसून म्हणाल्या, "आता चिंता नाही." आबा तोंड फिरवून उपरण्याने नाक पुसत राहिले.

ऊसतोड आली तसे ते जायला निघाले. उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारलं, "तू बी अशीच हुतीस का गं? एवढीशी?"

"आईला विचारा."

"इचारतो," म्हणाले, आणि प्रथमच माझ्या गालावरून हात फिरवला.

ते गेल्यावर मी आईला फोन केला. ती म्हणाली, "आबा कुठपर्यंत आले असतील?"

मी म्हटलं, "आत्ताच घरातनं निघालेत." बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. बडोद्याच्या त्या दोन खोल्यांना मी पहिल्यांदाच घर म्हटलं होतं.