चमकदार शर्ट आणि शमीमखाला

शमीमखालाचं नाव आधी लिहितो, कारण ती नसती तर मी पुण्यात टिकलो नसतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं टेबल आहे. मूळची पांढरकवड्याची, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातली. आता काय झालं ते सांगतो.

बोरी अरबहून निघालो तेव्हा मायनं दारव्ह्याहून तीन नवे शर्ट आणलेले. तिन्ही पॉलिस्टरचे, आरशासारखे चमकणारे. माय सगळा हंगाम कापूस वेचते, पण मी जुना सुती शर्ट पिशवीत टाकायला लागलो तशी म्हणाली, "हे कायले नेऊन राह्यला? लोक म्हणतीन, वावरातून उठून आला." एसटी हलली तेव्हा ती रडली नाही. माझ्या शर्टाकडं पाहून हसली.

नववीत शाळा सुटलेल्या मला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं, हेच नवल. फ्रेम कानामागं बसवायची, नाकावर नीट टेकते का पाहायचं, म्हणजे सगळं काम चेहऱ्याजवळचं. आणि मला घाम येतो, लहानपणापासून, धारा लागल्यासारखा. गावात सगळेच घामेजलेले, कोण कोणाला नाव ठेवणार! इथं मात्र मी वाकलो की गिऱ्हाईक मान मागं घ्यायचं. एका सोमवारी मालकांनी बाजूला बोलावलं. "हे बघ, शनिवारपर्यंत काहीतरी कर. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी बादलीत दुप्पट पावडर टाकली, शर्टावर सेंट ओतला आणि कपडे कोणाला दिसू नयेत म्हणून दाराआड वाळवले. म्हणजे करायचं ते सोडून सगळं केलं.

मंगळवारी शर्ट इस्त्रीला दिला. खालानं काखेवर इस्त्री टेकवली आणि वाफेबरोबर असा वास उठला की मला पळून जावंसं वाटलं.

"धुतेला हाय का हा?"

"दोनदा धुतला, खाला."

"मंग वास कायले येऊन राह्यला?" तिनं कापड बोटांत चोळलं. "गाव कोन्तं तुहं?"

सांगितलं. ती एवढी हसली की इस्त्री उभी करून ठेवावी लागली. "कापूस वेचणारीचा पोरगा, अन् अंगात प्लास्टिक! अबे, घाम जाईन कुठं?"

मग तिनं टेबलाखालून दोन सुती शर्ट काढले. ज्याचे होते तो घर बदलून गेलेला, वर्षभर कोणी न्यायला आलं नव्हतं. "ढिले हायेत तेच बरं, हवा खेळते." आणि धुणं शिकवलं: शर्ट उलटा करायचा, काखेला खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा, अर्धा तास ठेवायचा. साबण थोडा, पाणी भरपूर, आणि वाळवायचं उन्हात. गॅलरीत सगळ्यांसमोर दोरीवर कपडे टाकताना पहिल्या दिवशी लाज वाटली. कोणी पाहिलंसुद्धा नाही.

रोज सकाळी ती काखेवर इस्त्री फिरवून वास घ्यायची. शुक्रवारी म्हणाली, "पास!" शाळेनं माझ्यासाठी हा शब्द फारसा खर्च केला नव्हता.

शनिवारी एका आजोबांना फ्रेम बसवली. आजोबांनी मान मागं घेतली नाही, उलट म्हणाले, "जरा जवळ ये, डावा कान दुखतोय." मालक एवढंच म्हणाले, "पुढचं गिऱ्हाईक घे."

घाम अजून येतोच. दुपारी बनियन बदलतो, आणि कोणी नाक खाजवलं तरी अजून जीव दचकतो. दिवाळीला घरी गेलो तर मायनं जवळ ओढलं आणि ती हिरमुसली. "साबणाचा वास येते. माह्या पोराचा येतच नाही." मला हसू आलं. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, जिथं मान मागं घेत नाहीत, उलट आपला वास शोधतात. तिनं आणलेला नवा चमकदार शर्ट फोटोपुरता घातला.

खाला, तुझ्या टेबलावरचं कांबळं जागोजागी जळलंय. एक दिवस मायनं वेचलेल्या कापसाची जाड गादी त्यावर घालीन, आणि थंडीसाठी तुला रजईही. दोन्ही आधी उन्हात वाळवून आणीन. तू वास घेऊन पाहशील, माहीत आहे मला.