अंगणातलं मोठं मांजर

वैजयंतीबाईंची अंगणवाडी निमगाव साव्याच्या बाहेर, आमच्या वस्तीवर, उसाला लागूनच आहे. माझा चार वर्षांचा ऋषी तिथं जातो. बाई द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांतून प्राण्यांच्या पावलांचे ठसे कापतात. कोंबडी, शेळी, कुत्रा, मांजर. पोरांनी सारखे ठसे शोधून जोड्या लावायच्या. लहान असो की मोठा, आकार तोच, एवढंच वर्षभर चाललेलं. मला राग यायचा. पोराला अजून अ, आ येईना आणि बाईंचं आपलं कोंबडीचा पाय. एकदा तोंडावर बोलले, तर बाई हसल्या.

"आरती, आधी डोळं तर उघडू दे. अक्षरं कुठं पळून चाललीत?"

काल ऋषीला घेऊन गेले, तर बाई नुकतंच कुलूप काढत होत्या. दार उघडताच ऋषी आतून मांजराचा पुठ्ठा घेऊन पळाला आणि नळाजवळच्या ओल्या मातीत उकिडवा बसला.

"बाई, मांजर. पण लई मोठं हाय."

"कुत्रं असंल," मी म्हटलं.

"न्हाई. कुत्र्याची नखं उमटत्यात. हितं न्हाईत."

मी वाकून पाहिलं. ठसा माझ्या तळहाताएवढा होता. बाईंनी होती तेवढी पोरं आत ढकलली, मलाही ओढलं आणि कडी घातली. मग त्यांनी फॉरेस्टला फोन लावला.

फॉरेस्टचे भरतभाऊ आले. त्यांनी ठसा पाहिला, उसाची कड पाहिली.

"बिबट्या हाय. पाण्याला येतोय, अन् रोजचा येतोय. ताई, आधी कधी ठसं दिसलं न्हाईत?"

बाई भिंतीला टेकल्या.

"पहाटं नळाला पाणी सुटतं, तवा मी एकटीच येते," त्या म्हणाल्या. "पाणी भरते, अंधारातच अंगण झाडते अन् घरी जाते. आज म्हस व्यायली, म्हणून पहाटं आलेच न्हाई, झाडायचं राहिलं."

कितीतरी दिवस बाई ते ठसे स्वतःच्या हातानं पुसत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

भरतभाऊंनी उसाच्या पहिल्याच सरीत दबलेली पाचट दाखवली. "तुमी आला की त्यो हितं दबून बसत असणार. तुमी जाईस्तवर."

बाईंनी अंगणातून लोटलेला कचरा त्या पाचटीवरच पडला होता.