भागीबाईच्या हातची हिरवी भिंत

सुरगाण्याच्या डोंगरात भाताची आवणी करत वाढलेल्या भागीबाईच्या बोटांना एक सवय होती. रोप हातात आलं की ते सरळ रांगेतच जायचं. त्या सवयीवर ती नाशकात तगली. आधी दिंडोरीकडच्या द्राक्षबागा, मग गंगापूर रोडच्या पुढे एका सोसायटीत माळीकाम. नवरा मंगळू खडी क्रशरवर राबला आणि छातीत दगडाची पूड भरून घेऊन घरी बसला. घर म्हणजे सोसायटीमागच्या पडीक प्लॉटवरची पत्र्याची खोली. अशा पाच खोल्या होत्या तिथे. गॅलरीतून कुणी ओरडलं, कुणी फोटो काढला की पाचही घरांची दारं आतून लागायची. जमीन त्यांची नव्हती. एक तक्रार गेली की उठावं लागणार होतं.

सोसायटीचं नाव बिल्डरने ‘सागरिका’ ठेवलं होतं. समुद्र घाट उतरून चार तासांवर, पण नावाला कोण अडवतो! नावाला शोभेलसं झाडही आलं, कोनोकार्पस. मूळचं कुठल्याशा परदेशी खाडीकाठचं, खाऱ्या पाण्यावर तगणारं. इथे गोडं पाणी मिळाल्यावर ते माजलं नसतं तरच नवल. अध्यक्ष साधना मॅडमनी मागच्या बाजूला बोट दाखवून सांगितलं, “भागी, ती घाण दिसता कामा नये. हिरवी भिंत हवी मला.”

त्या घाणीत भागीबाईची चूल होती. मॅडमना तिने पेठ रोडला राहते असं सांगून ठेवलेलं. मागच्या झोपड्यांतल्या बाईला कामावर कोण ठेवणार? रोज सकाळी मोठा वळसा घालून ती पुढच्या फाटकाने यायची. तिने दोरी लावली आणि दीड-दीड हातावर दोनशे रोपं स्वतःच्याच दारासमोर लावली. डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसलं आणि त्याच रोपांना झारीने पाणी घातलं.

दोन वर्षांत ती झाडं दोन पुरुष उंच झाली, आणि मग भागीबाईला उमगलं की हा अपमान फार कामाचा आहे. गॅलरीतून घरं दिसेनाशी झाली. ओरडणं थांबलं, फोटो थांबले. शेजारची सविता तर त्याच झाडांना दोरी बांधून कपडे वाळत घालू लागली.

अडचण होती फुलांची. थंडी सरता सरता बारीक हिरवट बोंडं फुटायची आणि मंगळूचा दम वाढायचा. सोसायटीच्या बाजूने ती दर महिन्याला छाटायची, पण शिडी आणि कात्री फाटकाबाहेर न्यायची नाही असा नियम होता. मागची बाजू फुलं यायच्या आत छाटली तर माणूस जरा सुखाने झोपेल, एवढंच तिच्या मनात होतं. डोंगरात झाडाचे गुणदोष सरळ बोलतात. कुठल्या पाल्याने अंगाला खाज सुटते, कुठल्या फुलाने डोळे सुजतात, हे शेजाऱ्यापासून लपवणं पाप समजतात. शहरात कुठलं खरं कुणापुढे बोलावं ही अक्कल बिचारीला अजून आली नव्हती.

“मॅडम, एक दिस शिडी द्या ना. मागून छाटते. फुलं आली का दम लागतो माणसाला. मागं वस्तीत एक म्हातारा हाय, त्याला लय तरास होतो.”

नवऱ्याला तिने परका करून टाकलं. म्हाताऱ्याचं तिथे कुणाला काय पडलं होतं! पण मॅडमची नात वेदिका त्याच आठवड्यात खोकत होती. मॅडमनी मोबाइलवर काहीबाही वाचलं, घाबरल्या, आणि रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की सगळी झाडं मुळासकट काढायची.

“निस्ती फुलं छाटू ना मॅडम! फुलंच नाय आली तर कसला दम?”

“तूच तर सांगितलंस. बरं झालं बाई, तुझ्यामुळे कळलं.”

कुऱ्हाड तिच्याच हातात दिली. ती मुद्दाम हळू तोडायला लागली, तर मॅडमनी मशीनवाला बोलावला. दुपारपर्यंत भिंत आडवी झाली. पलीकडे खाटेवर मंगळू बसला होता. एवढ्या वर्षांनी बायको कामावर दिसली म्हणून त्या भोळ्याने हसून हात हलवला.

“तो तुला ओळखतो?” मॅडमनी विचारलं.

भागीबाई खालीच बसली. “मालक हाय माझा. ते घर हाय मॅडम माझं. तक्रार नका करू, पाया पडते.”

“म्हणजे इतकी वर्षं तू आमच्याशी खोटं बोललीस?” मॅडमना खरोखर वाईट वाटलं. फसवलं गेल्याचं, दुसरं कसलं नाही. तिचं काम त्याच दिवशी सुटलं. तक्रार दुसऱ्या दिवशी गेली, सोबत गॅलरीतून काढलेले बारा फोटो.

पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. पाच घरं पाडायला अर्धा तास पुरला. पत्रे, भांडी, गोधड्या रस्त्याकडेला आल्या. वॉचमनकडून सविताला एवढंच कळलं होतं की झाडाविषयी कुणीतरी मॅडमचे कान भरले.

“आपल्या डोक्यावरचं छप्पर घालवलं मेल्यानं,” सविता छाती पिटत म्हणाली. “ज्यानं सांगितलं त्याच्या तोंडात किडे पडोत.”

“पडोत,” भागीबाई म्हणाली, आणि मंगळूला टेम्पोत चढवायला तिने सविताला हात लावायला सांगितलं.