लाल पट्ट्याच्या गलबताचं गणित

साठ साल उजाडायच्या जरा आधीची गोष्ट. मालवणजवळच्या एका शाळेत मी एकटाच मास्तर होतो, चार इयत्तांचा सार्वभौम राजा! माझी प्रजा मात्र चोर. गणितं एकमेकांची बघून उतरवायची.

ती खोड मोडायला मी एक यंत्र केलं. यंत्र म्हणजे पुठ्ठा. त्यावर एकच गणित लिहिलं: अमुक गलबत, अमुक बंदरातून सकाळी सहाला निघालं, ताशी इतके मैल गेलं, तर मालवणला केव्हा पोहोचेल? प्रत्येक 'अमुक'च्या जागी खिडकी कापली आणि मागून कागदाच्या पट्ट्या सरकवल्या. एकीवर गलबतं, दुसरीवर बंदरं आणि त्यांची मालवणपासूनची अंतरं, तिसरीवर वेग. पट्टी ओढली की नवं गणित! पुठ्ठ्याला हात लावायचा नाही, फक्त पट्ट्या बदलायच्या. बाकागणिक वेगळा पेपर, आणि उत्तरांचा तक्ता माझ्या खिशात. पिंगुळीचा बाहुल्या नाचवणारासुद्धा माझ्यापुढे फिका, असं मी स्वतःलाच ऐकवत असे.

मुलांना गोडी वाटावी म्हणून गलबतं मी गावातलीच घातली होती. त्यातलं लाल पट्ट्याचं गलबत खरोखरच वेंगुर्ल्याहून निघालं, वाटेत वादळ झालं, आणि आठ दिवस त्याचा पत्ता नव्हता. पट्टीवरून ते काढायला मी विसरलो.

शाळा सुटताना प्रत्येक बाकानं आपलं उत्तर ओरडून म्हणायचं, ही आमची रीत. त्या शनिवारी तिसरा बाक गर्जला, "लाल पट्ट्याचं गलबत दुपारी बारा वाजता पोहोचेल!" शाळेमागच्या घरात त्याच गलबतावर गेलेल्या तांडेलाची बायको तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

रविवारी बाराला ती किनाऱ्यावर उभी असल्याचं कळलं. मी धावत गेलो.

"वयनी, तां नुसतां गणित. पट्टी सरकली नि इलां."

"गणित चुकता काय?"

"नाय, पण..."

"मगे तुमी वेग जास्ती धरलास. वारो कमी होतो. परत करा."

आयुष्यात मला कोणी इतक्या विश्वासानं गणित घातलं नव्हतं. मी वाळूत बसलो. चोवीस मैल, ताशी तीन. दोन वाजता. दोनपर्यंत आम्ही समुद्राकडे बघत राहिलो.

"आता वेग दोन धरा."

संध्याकाळी सहा. सहा वाजले. क्षितिजावर काही नाही.

"आणि वारो पडलोच तर? शून्य धरा."

चोवीसच्या खाली मी शून्य काढलं. शून्यानं भागता येत नाही, हे मी दरवर्षी छडी आपटून शिकवायचो. तेवढंच तिला सांगितलं, हळू आवाजात.

"म्हंजे येवचां नाय, असां गणित म्हणत नाय?"

"नाय वयनी. तसां म्हणत नाय."

मी वाळूतलं लिहिलेलं पुसायला हात पुढे केला. तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली.