चढावर मिटणारं दार

आमच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडं राहत नव्हतं. सपाटीवर क्षणभर थांबायचं, काही आठवत असल्यासारखं. चढावर मात्र लगेच मिटायला लागायचं, दुपारी पेंगणाऱ्या माणसाच्या पापणीसारखं. कुरकुरतं म्हणून मी बिजागऱ्यांना तेल दिलं. तेव्हापासून ते आवाजही न करता मिटू लागलं.

मी धुळ्याला राहतो, आई सावद्याला. आमच्याकडे माणूस गाडीत बसला म्हणजे निघाला, असं नसतं. एक निरोप घरात होतो, दुसरा ओट्यावर, आणि खरा निरोप गाडीच्या उघड्या दाराशी. मी आत बसलेला, आई बाहेर, तिची बोटं गाडीच्या चौकटीवर. मग कोणाच्या बागेत केळीची कापणी लागली, कोणाची सून माहेराहून आलीच नाही, असं सगळं निघायचं. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "आता कव्हा येशीन?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. सावद्याला पोचलो की मला परत जावंसं वाटायचं. का, ते नीट मला आजही सांगता येणार नाही.

आमची गल्ली घरापासून मोठ्या रस्त्याकडे चढत जाते. आल्या आल्या मी गाडी वळवून तिचं तोंड चढाकडे करून ठेवायचो.

"जायाची येवढी घाई हाये त आला काहाले?" आई ओट्यावरून म्हणायची.

मी हसायचो. निघताना दार आपसूक मिटायला लागलं की म्हणायचो, "बघ, गाडीलाच घाई झाली." आई हात काढून घ्यायची आणि प्रश्न तसाच राहायचा. दाराची दुरुस्ती मी एवढ्यासाठीच लांबवली. हे मी घरात कधी बोललो नाही.

एकदा मी निघताना आई बोलता बोलता गल्लीच्या टोकाच्या केळीच्या बागेकडे पाहत होती. दार हललं. मला दिसलं. पाय पुढे केला असता तरी ते थांबलं असतं. नेहमीसारखी हात काढेल, असं मला वाटलं. की तसं वाटून घेतलं? दोन बोटं दारात सापडली. ती ओरडली नाही. शेजारीण धावत आली, तेव्हा बोटं पदरात गुंडाळत आईच म्हणाली, "वारा हाये आज."

समोर केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"हो, वारा आहे," मी म्हणालो.

नख काळं पडलं, गळलं, नवीन आलं. आई मात्र त्यानंतर गाडीपाशी आली नाही. ओट्यावरूनच हात हलवायची. प्रश्न नाही, काही नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि सावदा ते धुळे हा रस्ता लांबतच चालला होता. दुपारी डोळा लागला की मला ती गाडी दिसायची. केळीच्या बागेत, हिरव्या उजेडात उभी, चारही दारं पंखांसारखी उघडी, जवळपास कोणी नाही. मग एकेक दार हळूच मिटायचं.

शेवटी धुळ्यात स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. शेठनी दाराचा नवा स्टॉपर काउंटरवर ठेवला. खाचा असलेली, तळहाताएवढी लोखंडी पट्टी.

"इतके दिवस दार कशाने धरत होतात, साहेब?"

"धरतच नव्हतो."

"वा! दारानंच तुम्हाला धरलं म्हणा," असं म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सावद्याला गेल्यावर मी गाडी पुन्हा चढावरच उभी केली. दार वर उचलून पाहिलं. बिजागरी ढिली नव्हती. आतलं पॅनेल काढलं, बोल्ट सोडले, जुना स्टॉपर ओढून काढला. त्याच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. किती निरोपांनी, कोण जाणे. ऊन कलत होतं, ओट्यावर आईची पेंग चालली होती. नवी पट्टी बसवून दार ढकललं. खट् झालं आणि ते चढावर उघडंच राहिलं.

आवाजाने आई जागी झाली.

"आई, त्या दिवशी वारा नव्हता," मी म्हणालो. "दार येताना मला दिसलं होतं. आणि गाडी मी मुद्दामच अशी लावायचो."

ती उठली. आत गेली. चहा झाला. मी पॅनेल बसवलं, गाडीत बसलो, दार उघडं ठेवून गाडी सुरू केली. मग ती काठी टेकत पायऱ्या उतरताना दिसली. सावकाश आली आणि हात नाही, हातातली काठी तिने दाराच्या फटीत आडवी धरली.

"नवीन आहे, आई. हलणार नाही आता."

"दारावर भरोसा हाये मले. तुह्यावर नही."

मग बराच वेळ ती केळीच्या घडांबद्दल बोलली. ऊन बागेच्या पलीकडे उतरलं. दार तसंच होतं.

"आता कव्हा येशीन?"

या वेळी मिटायला काही नव्हतं.

"खरं सांगू? मला माहीत नाही."

"मंग जराशीक थांब."

मी गाडी बंद केली. काठी फटीत तशीच होती.