मानेखालचं भोक

कारखान्यात त्याला पाठीमागे भोकमास्तर म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्यांचाही फारसा दोष नव्हता. कुणीही नवं काम संगणकावर तयार करून मशीनकडे आणलं की हा गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न तोच विचारायचा, "भोक पाडलंस का?" ना विचारपूस, ना कौतुक, थेट भोक. डिझाइनवाली तर म्हणायची, मास्तरांना स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी ते आधी वाकून दाराचं बूड तपासतील.

प्रश्न मात्र खुळा नव्हता. त्यांच्या मशीनमध्ये एक उथळ, पारदर्शक बुडाचा ट्रे असे आणि त्यात मधासारखं दाट रेझिन. खालून प्रकाश येई आणि तो पडेल तेवढंच रेझिन कडक होई, कागदाहून पातळ असा एक थर. मग वरची पट्टी केसभर उचलली जाई, खाली नवं रेझिन सरके, पुन्हा प्रकाश, पुन्हा थर. असे दोन-तीन हजार थर एकाखाली एक चिकटले की वटवाघळासारखी उलटी टांगलेली वस्तू त्या ट्रेमधून बाहेर येई. डॉक्टरांसाठी हाडांचे नमुने, कवळ्यांचे साचे, खेळण्यांची डोकी, काय वाटेल ते. मोठी वस्तू भरीव केली तर वजनाने पट्टीवरून सुटते, म्हणून ती पोकळ करायची. पोकळ केली की आत ओलं रेझिन अडकतं, म्हणून तिला दोन भोकं ठेवायची, एक रेझिन निथळायला आणि एक हवा आत यायला. भोक विसरलात तर वस्तू दिसायला झकास दिसते, पण आत कोंडलेलं रेझिन महिनोन् महिने ओलंच राहतं आणि तिला आतून पोखरतं. मग एके दिवशी ती तडकते. हे शहाणपण मास्तरला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. स्वतःच्या फुटलेल्या कामांवर ओरडा खाऊन तो ते शिकला होता.

मूळचा तो लाकडाचे साचे कोरणारा. मशीनं आली तेव्हा त्याच्या वयाचे बाकीचे कारागीर हात झटकून निघून गेले. हा राहिला, कारण घरी लेक होती. कॉलेजात शिकणाऱ्या त्या पोरीने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसवून बापाला संगणक शिकवला. "बाबा, माउस आहे तो, पटाशी नाही. एवढा दाबू नका," असं रोज चार वेळा तरी म्हणायची. पंचेचाळिसाव्या वर्षी बापाने लेकीचा ओरडा खाल्ला आणि नोकरी टिकवली.

घरात तिघंच. बायकोचे डोळे साखरेने गेले तेव्हा लेक सोळा वर्षांची होती. म्हणजे आईच्या नजरेत ती सोळाचीच राहिली, पण हातात मोठी होत गेली. लेक संध्याकाळी घरी आली की चप्पल काढायच्या आधी आईसमोर बसायची, आणि आई तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायची. "आज जेवली नाहीस," असं आई म्हणायची, आणि ते खरं निघायचं. मास्तर पेपर वाचत बाजूला बसलेला असायचा. ह्या मायलेकींच्या खात्यात त्याने कधी नाक खुपसलं नाही.

कारखान्यात चेहरा मोजणारा नवा स्कॅनर आला, त्या दिवशी लेक त्याचा विसरलेला डबा घेऊन आली होती. चाचणीला कुणीतरी हवंच होतं. मास्तरने तिला फिरत्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "हलू नकोस, हसू नकोस." हसू नकोस म्हटल्यावर ती हसणारच. ओठ घट्ट मिटून, हसू गालात कोंडून ती कशीबशी दीड मिनिट बसली. संगणकात तिचं डोकं आलं, अगदी डाव्या भुवईतल्या लहानपणच्या खोकेच्या वणासकट.

पुढच्या वर्षी ती पाच दिवसांच्या तापात गेली. सव्वीस वर्षांची होती. डॉक्टरांनी तापाला एक लांबलचक नाव दिलं. मास्तरने ते तीनदा लिहून घेतलं आणि तिन्ही कागद हरवले.

बायको रडली नाही, निदान त्याच्यासमोर तरी नाही. पण रोज संध्याकाळी, लेकीच्या यायच्या वेळेला, ती खुर्चीत ताठ बसायची आणि हात मांडीवर तयार ठेवायची. ते हात मास्तरला बघवेनात. महिनाभराने त्याने तिला स्कॅनरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "करा. पण एकच. तिचं दुकान मांडायचं नाही. झालं की संगणकातून पुसून टाका."

सुट्टीच्या दिवशी तो एकटा कारखान्यात गेला. संगणकावर लेकीचं डोकं फिरवून फिरवून पाहिलं, पोकळ केलं. आता मानेशी ते खालून उघडं दिसायला लागलं, तलवारीने उडवल्यासारखं. ते त्याला सहन झालं नाही. त्याने मान खालून बंद केली. राहिलं भोक. पडद्यावरचा बाण त्याने मानेखाली नेला आणि बोट माउसवर ठेवलं. ह्याच बोटाने त्याने शेकडो डोकी भोसकली होती आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज बोट दाबलं जाईना. पोरीला सलाइनच्या सुया टोचताना त्यानेच तिचा हात धरून ठेवला होता. आता आणखी टोचणं नको, असं त्याच्या मनाने घेतलं. तयार वस्तू पक्क्या करायच्या प्रकाशाच्या पेटीत दुप्पट वेळ ठेवू, सुकेल आतून, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मास्तरने त्याला तिथल्या तिथे वेड्यात काढलं असतं.

डोकं सुरेख आलं. त्याने ते धुतलं, घासून गुळगुळीत केलं, पेटीत ठेवलं. मग दिलेल्या शब्दाप्रमाणे संगणकातली फाइल पुसली, तिची प्रतही पुसली.

बायकोने ते मांडीवर घेतलं. भुवईपाशी बोट थांबलं, ओठांपाशी थांबलं. "हसतेय की," ती म्हणाली, आणि मग रडली, पोटभर. रडून झाल्यावर म्हणाली, "जड आहे हो. बरं वाटतं हातात." ते वजन कशाचं आहे हे मास्तरला चांगलं कळत होतं. त्याने पेपर उघडला.

आठ महिने ती रोज संध्याकाळी तो चेहरा मांडीवर घेऊन बसली. दिवसभरात काय झालं ते त्याला सांगायची. मग तिच्या बोटांना खाज सुटली. आधी लाली, मग बारीक फोड, मग सालपटं निघायला लागली. साबण बदलला, तेल बदललं, मलम आणलं. वास येत होताच, पण रेझिनचा वास मास्तरच्या कपड्यांना वर्षानुवर्षं येत असे, त्याचं त्या घरात कुणाला काय वाटणार? एका रविवारी तो टेबल पुसत होता. डोक्याच्या कानामागे त्याला काहीतरी चमकताना दिसलं. केसाएवढी चीर, आणि तिच्या तोंडाशी एक चिकट थेंब. त्याने बोट लावलं आणि खाली बसला. ओलं रेझिन अंगाला लागलं की कातडी उठते, हे तो कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी बजावत असे. घरी मात्र त्याने ते आठ महिने बायकोच्या मांडीवर ठेवलं होतं.

"पॉलिश करून आणतो," तो तिला म्हणाला.

"उद्या न्या. पण संध्याकाळी परत आणा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर त्याने डोकं टॉवेलवर पालथं ठेवलं आणि हातातल्या बारीक ड्रिलने मानेखाली भोक पाडायला घेतलं. सगळं निथळू द्यायचं, आतून धुवायचं, आत दिवा सोडून सुकवायचं आणि चीर बुजवायची, एवढं झालं की ती वाचली, असा त्याचा हिशोब होता. ड्रिल आत गेलं आणि तपकिरी, उग्र रेझिन भसकन बाहेर आलं. मग कट असा आवाज झाला. कानामागची चीर गालावरून नाकापर्यंत पळाली, तिथून कपाळावर चढली, आणि आतून कुजलेलं ते कवच त्याच्या हातात सुटं झालं. नाकाचा तर चुराच झाला.

डिझाइनवाली जेवून परतली तेव्हा तिला फक्त त्याची पाठ आणि टेबलावरून ठिबकणारं रेझिन दिसलं. तिला आयती संधी मिळाली. "काय मास्तर, भोक पाडलं होतं का?" ती हसत म्हणाली. तो वळला नाही. ती पुढे आली, तिने टॉवेलवरचा ओठांचा तुकडा पाहिला आणि ओळखला. त्या दिवशी स्कॅनर तिनेच चालवला होता.

"फाइल द्या," ती हळूच म्हणाली. "मी आत्ता लावते मशीनला."

"पुसली."

"प्रत असेल की."

"तीही पुसली. शब्द दिला होता घरी."

तिने तरीही तीन तास सगळे संगणक धुंडाळले. फाइल कुठेच नव्हती. मास्तर कामात चोख होता, पुसायचं म्हणजे नीट पुसायचं.

घरी बायको हात मांडीवर ठेवून बसली होती. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बंद केलेली मान, न पाडलेलं भोक, तिच्या बोटांचे फोड, दुपारचा आवाज. काहीच लपवलं नाही. स्वतःला शिव्या घातल्या, त्याही पुरेशा वाटल्या नाहीत.

"केवढं असतं ते भोक?" तिने विचारलं.

"तांदळाच्या दाण्याएवढं."

"तिला दुखलं नसतं हो," ती म्हणाली.

मास्तर रडला. लेक गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. ती त्याचं रडणं संपायची वाट बघत राहिली.

"तुकडे आणलेत?"

"आणलेत. पण हातात देणार नाही. येताना डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आता नुसतं शिवलं तरी अंगावर उठेल."

"बरं, नका देऊ." ती म्हणाली. "मग तुम्ही सांगा. बोटं अशी झाल्यापासून मला तिचं नाक नीट लागत नव्हतं. मी म्हटलं नाही तुम्हाला. कसं होतं नाक?"

"सरळ होतं," तो म्हणाला. "उंची सेहेचाळीस मिलिमीटर. शेंडा किंचित वर."

"ते माप झालं. नाक सांगा."

त्याने डोळे मिटले. स्कॅनरच्या पडद्यावरचं नाक त्याला दिसलं, बाजूने, वरून, खालून, करड्या रंगाचं. पोरीच्या तोंडावरून आपण शेवटचा हात कधी फिरवला होता, हे तो आठवायला लागला. ती सहा वर्षांची असेल, किंवा सातची. पुढे कधी फिरवलाच नव्हता. रोज संध्याकाळी ती दोन हातांवर होती आणि तो पेपर वाचत होता.

"नाही गं सांगता येत," तो म्हणाला.

"असू द्या," ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीवरून उचलून तिने पदराखाली घेतले.