एइनोची लाकूडगाडी

एइनो पेल्कोनेन आमचा शेजारी. अमेरिकेतल्या डुलुथच्या गोदीवर त्याने चौतीस वर्षं विजेची कामं केली आणि निवृत्त झाल्यावर छोटे रोबो बनवायचा नाद लावून घेतला. त्याचा पहिला रोबो जेवणाच्या टेबलावर गोल फिरायचा आणि कड आली की खाली पडायचा. त्याची बायको लेम्पी म्हणायची, हा अगदी एइनोवर गेलाय.

१९९४च्या ऑक्टोबरात एइनोच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, लाकडाचं एकेक फाळकं उचला, पण ओझं घेऊन चढ चढायचा नाही. आणि एइनो-लेम्पीची साउना, म्हणजे लाकडं जाळून तापवायची वाफेची खोली, तर अंगणापलीकडे चढावर होती. शनिवारी साउना तापवून वाफेत बसायचं, हे त्या घरात लग्नापासून चुकलं नव्हतं. मुलगा रॉय म्हणाला, लाकडं नेणं जमत नसेल तर नाताळाआधी घर विकू आणि तुम्ही दोघं शहरातल्या फ्लॅटवर चला. मी लाकडं पोचवते असं मी सुचवून पाहिलं. एइनोने नकारार्थी मान हलवली.

"दुसऱ्याने तापवली की ती दुसऱ्याची साउना झाली, बाई."

म्हणून त्याने लाकूडगाडी बनवली. बुटाच्या खोक्याएवढी, दोन लहान मोटारींची, मागे मुलांची बर्फावरची घसरगाडी बांधलेली. एका खेपेला बर्चच्या लाकडाची चार फाळकी. सपाटीवर ती ऐटीत चालली, पण चढावर मोटारींनी जास्त वीज ओढली आणि त्यांना वीज पुरवणारी चिप जळाली. त्याच्या छंदमंडळाच्या पत्रकात यावर एक युक्ती होती: एका चिपच्या पाठीवर तशीच दुसरी बसवायची आणि पायाला पाय सोल्डर करायचा, म्हणजे दोघी भार वाटून घेतात. माझे यजमान भिंग धरायला गेले होते. सोळा पाय जोडायला एइनोला दोन तास लागले. मध्येच तो थांबायचा आणि कॉफी मागायचा.

दहा डिसेंबर, शनिवार. माझ्या डायरीत त्या दिवशी उणे अठरा अंश लिहिलं आहे. रॉय निर्णय घ्यायलाच आला होता. मीही कुंपणापाशी उभी राहिले. गाडी निघाली, निम्मा चढ चढली आणि थांबली. पाच मिनिटांनी आपणहून हलली, हातभर गेली आणि पुन्हा थांबली. रॉयने घड्याळात पाहिलं आणि हात खिशात घातले. ते एइनोला बोलण्यापेक्षा जास्त लागलं असावं. तो खाली वाकून चारही फाळकी कवेत घ्यायला लागला.

"ठेव ती खाली," लेम्पी पायरीवरून म्हणाली. काठी टेकत ती बर्फातून आली, गाडीपाशी वाकली आणि हातमोजा काढून चिपांचा डबा उघडला.

आमच्याकडे थंडीत कोणी काही उघडं ठेवत नाही. मोटारीच्या इंजिनाला गोधडी, नळाला फडकी, कुत्र्याला स्वेटर. एइनोने त्याच सवयीने कॉफीच्या डब्यात आतून लोकर गुंडाळून चिपा ठेवल्या होत्या आणि वर झाकण घट्ट लावलं होतं. त्या तापायच्या, स्वतःला वाचवायला बंद पडायच्या आणि निवल्या की पुन्हा चालायच्या.

लेम्पीने आत बोट लावलं आणि झटकन काढलं.

"हिला ताप आलाय, एइनो. आणि तू हिला लोकरीत गुंडाळलंस."

एइनोने डब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "चौतीस वर्षं विजेत काढली मी."

"काढलीस ना. आता लोकर काढ."

लोकर निघाली. डबा आडवा करून दोन्ही बाजूंनी उघडा बांधला, वरच्या पत्र्याने तेवढा बर्फ अडेल असा. गाडी गुरगुरत निघाली आणि सबंध चढ चढून साउनाच्या दाराला टेकली. एइनो तिच्या मागून रिकाम्या हातांनी, सावकाश चढला. त्या दुपारी तिने अकरा खेपा केल्या. शेवटच्या खेपेला रॉयने फाळक्याला हात लावला, तेव्हा बापाने त्याच्या मनगटावर चापट मारली.

चारच्या सुमारास रॉयने साउनासाठी टॉवेल कुठे ठेवलेत म्हणून आईला विचारलं. फ्लॅटचा विषय त्याने निदान माझ्यासमोर पुन्हा काढला नाही.

त्यानंतर सहा हिवाळे मी दर शनिवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या साउनाचा धूर पाहिला. सातव्या हिवाळ्यात लेम्पी एकटी होती. गाडीवर लाकडं ती स्वतः ठेवायची आणि मागून काठी टेकत चढायची.